मिठाच्या किल्ल्यातली नावाडीण

"छत्तीस! छत्तीस नंबर, दोनच्या खोलीत! सदतीसने उठून तयार राहायचं, पण आत घुसायचं नाही!"

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात माइक होता. तीन वर्षांपूर्वी तो बिघडला तेव्हा महिनाभर कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि लक्षात आल्यावर कुणी तो दुरुस्तही केला नाही. नंबरताई असताना माइक म्हणजे भर दुपारी कंदील.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं होतं. मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना नंबरताईच म्हणत. आवाज रुंद, थोडा घोगरा, आणि वर चढवला की मध्येच चिरकणारा. गोड म्हणावा असा मुळीच नव्हता. पण डोळ्यांत थेंब घालून, मान मागे टाकून, पापण्या मिटून बसलेल्या चाळीस माणसांना दुसरं काही दिसतच नसे. त्यांच्यापुरता दवाखाना म्हणजे तो आवाज. कुणी घाबरलेलं असलं की ताई नंबर जरा हळू पुकारत, कुणी भांडायला उठलं की असा काही पुकारत की तो माणूस आपण का उठलो तेच विसरून खाली बसे.

त्या दिवशी एक आजोबा, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यात थेंब, भलत्याच नंबराला उठले आणि थेट फरशी पुसायच्या बादलीच्या दिशेने निघाले.

"अगं बाई! सांभाळून!" ताई ओरडल्या.

आजोबा जागच्या जागी थबकले. पण तिसऱ्या रांगेतला निळ्या डगल्यातला एक माणूस, पस्तिशीचा असेल, डोळे गच्च मिटलेले, खुर्चीतून ताडकन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "डावीकडे!"

सगळा हॉल हसला. तो माणूस मात्र हसला नाही. हात पुढे धरून, खुर्च्यांच्या पाठी चाचपत तो ताईंच्या खिडकीपाशी आला.

"ताई, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"नंबर किती?"

"चव्वेचाळीस. पण नंबराचं नाही."

"मग औषधाचं असेल तर डॉक्टरांना विचारा."

"औषधाचंही नाही." त्याने आवाज खाली आणला. "तुम्ही कधी किल्ल्यात होतात का?"

"कसल्या किल्ल्यात?"

"मिठाच्या."

नंबरताईंच्या हातातलं पेन थांबलं. मग त्यांनी मान वर केली, डोळे मिटलेल्या त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि दवाखान्यातल्या तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा नंबर चुकला. एक्केचाळीसच्या जागी त्यांनी सत्तेचाळीस पुकारला.

"चव्वेचाळीसने जागेवर बसून घ्या," त्या म्हणाल्या. "डोळे उघडू नका."

---

तो माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा होता. लोखंड घासताना कण डोळ्यात गेला होता. डॉक्टरांनी तो काढला, पट्टी बांधली, घरी जायला सांगितलं. पण दोन वाजता ताई डबा घेऊन मागच्या अंगणातल्या बाकावर आल्या, तर हा तिथे एका डोळ्याने त्यांची वाट बघत बसलेला.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी निघून जाईन," तो म्हणाला. "पण 'अगं बाई' असं जगात दुसरं कुणी ओरडत नाही. गेममध्ये ते ऐकलं की डावीकडे पळायचं. तुम्ही ओरडलात आणि माझे दोन्ही अंगठे आपोआप हलले. बघा, अजून हलतायत."

ताईंनी त्याच्या अंगठ्यांकडे पाहिलं. खरंच हलत होते.

"तुम्हांला तो गेम कुठे मिळाला?" त्यांनी विचारलं. नाही म्हणायचं राहूनच गेलं.

"गेमपॅड घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, ही डिस्क पण घेऊन जा, जागा अडवून बसलीय."

"फुकट?"

"फुकट. वर म्हणाला, परत आणून देऊ नकोस."

ताईंना हसू आलं. त्यांनी डब्याचं झाकण उघडून त्याच्यापुढे धरलं. "घ्या. उपाशी असाल."

'मिठाचा किल्ला' हा आपल्या भाषेत बोलणारा साहसी गेम एकोणीस वर्षांपूर्वी निघाला आणि दोन महिन्यांत बुडाला. एक नावाडीण आहे. तिची नाव कुणीतरी मिठाच्या किल्ल्यात नेऊन ठेवली आहे. ती परत आणायला ती निघते, भिंतींवर चढते, बाण चुकवते, खारट पाण्यातून पोहते. एवढीच गोष्ट. पण नावाडीण भिंतीजवळून चालली की भिंतीत घुसून अडकायची. बकऱ्या छताला उलट्या चालायच्या. दार उघडायची किल्ली कधीकधी दाराच्या पलीकडे पडायची. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत कुणी लिहिलं होतं: 'नायिका तीन पायऱ्या चढली की आठ महिन्यांच्या गर्भारणीसारखी धापा टाकते. आवाज असा, की जणू शेजारणीशी भांडता भांडता मध्येच लढाईला आली आहे. आणि कळस म्हणजे शेवट. किल्ला विरघळतो, नायिका आपल्याकडे वळते, तोंड उघडते, आणि आवाजच येत नाही! इतका वेळ नको तेव्हा ओरडली, आणि हवं तेव्हा मुकी.'

ते कात्रण ताईंनी एकदाच वाचलं होतं. मांडीवर चार महिन्यांची लेक होती. एकदा वाचलं तरी शब्द न् शब्द पाठ होता.

"गर्भारणीसारखी म्हणे," ताई लिफ्टवाल्याला म्हणाल्या. "सारखी काय? होतेच मी! आठवा सरत आला होता."

लिफ्टवाल्याचा घास हातातच राहिला.

---

ताई तेव्हा टायपिंगच्या नोकरीसाठी गेल्या होत्या. टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर कंपनी होती, अकरा माणसांची. लिफ्ट बंद. दोन जिने चढून ताईंचा श्वास फुलला आणि संताप अनावर झाला. तिथूनच खालच्या पहारेकऱ्यावर त्या ओरडल्या, "अहो, लिफ्ट बंद आहे तर पाटी लावायला काय हात मोडले होते का?"

वरून दाणदाण पावलं वाजली. डोक्याला टोपी घातलेला एक किडकिडीत माणूस धावत खाली आला. गेमची गोष्ट त्यानेच लिहिली होती आणि सगळं बसवतही तोच होता.

"हा आवाज कुणाचा?"

"माझा. का? खोटं बोलले का मी?"

"तुम्हांला टायपिंग येतं?"

"चाळीसचा वेग आहे."

"विसरा," टोपीवाला म्हणाला. "ओरडता ते पुरे."

लिफ्टवाला कपाळावर हात मारून म्हणाला, "म्हणजे ती लिफ्ट कुणी वेळेवर दुरुस्त केली असती तर आमची नावाडीण गेली असती टायपिंगला! धन्य तो माझा जातभाई!"

आत गाद्या लावलेल्या एका कपाटवजा खोलीत ताईंना उभं केलं. नऊ दिवसांचं काम. उडी मारल्याचा आवाज, पडल्याचा, बुडतानाचा, बाण लागल्याचा.

"आठव्या महिन्यात उडी कशी मारू?"

"उडी नका मारू हो. उडीचा आवाज मारा."

मेल्यावर म्हणायचं वाक्य कागदावर होतं, 'मी परत येईन, शत्रूंनो!' ताईंना ते म्हणताना हसू फुटायचं. सात वेळा हसू फुटलं तेव्हा त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "असू दे, परत बघू." टोपीवाल्याने काचेपलीकडून दोन्ही हात वर केले. तेच ठेवलं. आणि पाचव्या दिवशी बाण लागल्याचा आवाज काही केल्या जमेना. टोपीवाला हताश होऊन बसला होता. तेवढ्यात पोटातून अशी एक लाथ बसली की ताई कळवळल्या, "अगं बाई!" तो आवाज टोपीवाल्याने गेममध्ये जागोजागी पेरला.

"एकशे बारा ठिकाणी," लिफ्टवाला म्हणाला. "आम्ही मोजलेत."

"आम्ही कोण?"

"एक्केचाळीस जण आहोत, ताई. वेगवेगळ्या गावांतले. भेट कधी झाली नाही, पण रोज बोलतो. भिंतीत अडकायचं ते आम्ही दुरुस्त केलं. किल्ली जागेवर आणली. बकऱ्या तेवढ्या तशाच ठेवल्यात, त्यांना हात लावायला कुणी तयार नाही."

"पण का?" ताईंना खरंच कळेना. "इतका वाईट गेम!"

लिफ्टवाल्याने जरा विचार केला. "मी सोळा वर्षांचा होतो. नापास झालो होतो. घरात कुणी बोलत नव्हतं माझ्याशी. दुसऱ्या गेममधले वीर मेले की गुरगुरतात, शपथा घेतात. ही म्हणायची, असू दे, परत बघू. आता सांगतो ते कुणाला सांगू नका. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकते, आत माणसं रडत असतात, माझ्या हाताला काही लागत नसतं, तेव्हा मी तेच म्हणतो. मोठ्याने. आतली माणसंसुद्धा शांत होतात."

डब्यातलं उरलेलं ताईंनी त्याच्या हातावर ठेवलं.

"फक्त एक सांगा," तो म्हणाला. "शेवटी ती काय म्हणते? तोंड उघडून चार सेकंद बोलते आणि आवाज नाही. एकोणीस वर्षं आम्ही भांडतोय. ते वाक्य काय होतं?"

ताईंचा चेहरा उतरला. झाकण लावायला गेल्या तर ते बसेना.

"ते वाक्य माझ्यामुळे राहिलं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "सगळंच माझ्यामुळे राहिलं. अडीच वाजले, मला जायला हवं."

---

नंबरताईंच्या नवऱ्याचं सलून होतं, आणि कात्री चालते त्याहून त्याची जीभ जास्त चालते असं गिऱ्हाईकंच म्हणत. संध्याकाळी लेकीला आईचा चेहरा दिसला. लेक एकोणीस वर्षांची, कॉलेजात, आणि एखादी गोष्ट खोदायला लागली की पाणी लागेपर्यंत थांबायची नाही.

"आई, काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणताना तू आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलंस."

मीठ म्हटल्यावर ताईंना हसू आलं, मग रडू आलं, आणि मग सगळंच बाहेर आलं. शेवटचं वाक्य बुधवारी घ्यायचं ठरलं होतं. बुधवारी पहाटेच ताईंना कळा सुरू झाल्या, ठरलेल्या दिवसाच्या कितीतरी आधी. निरोप द्यायला ना फोन, ना माणूस. बाराव्या दिवशी नवरा पेढे घेऊन त्या कंपनीत गेला तर दाराला कुलूप. मग ते वर्तमानपत्र. 'हवं तेव्हा मुकी.'

"अकरा माणसं होती गं," ताई म्हणाल्या. "कुणाचं नुकतं लग्न झालेलं, कुणी घर घेतलेलं. मी एक दिवस गेले असते तर शेवट झाला असता. लोक हसले नसते. त्यांची नोकरी राहिली असती."

लेकीने बापाकडे वळून पाहिलं. "बाबा, तुम्हांला गेमचं माहीत होतं?"

"होतं की. पण ही म्हणाली, हा विषय काढायचा नाही. नाही काढला."

"तुम्ही? एकोणीस वर्षं?"

"आयुष्यात एकच गोष्ट पोटात ठेवली," नवरा म्हणाला, "म्हणून तर पोट एवढं सुटलंय. पण हे बुधवारचं मला नव्हतं माहीत हं. अगं, वेडी की काय तू? इतकी वर्षं हे घेऊन फिरलीस?"

लेक मात्र दुसऱ्याच विचारात पडली होती. "थांबा. म्हणजे बाण लागल्यावर ती जी ओरडते, ती लाथ माझी?"

"तुझीच."

"एकशे बारा ठिकाणी?"

"असं तो म्हणतो."

"आई!" लेक खुर्चीवरून उठलीच. "मी जन्माच्या आधीपासून काम करतेय, आणि तू मला आळशी म्हणतेस?"

---

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाला पट्टी बदलायला आला तेव्हा लेक कॉलेज बुडवून हॉलमध्ये बसली होती. त्या दोघांचं काय बोलणं झालं ते ताईंना कळलं नाही. सोमवारी सलूनला सुट्टी असते. सोमवारी दुपारी लिफ्टवाला लॅपटॉप घेऊन थेट घरी हजर झाला, आणि आल्या आल्या त्याने लेकीने शोधून काढलेला नंबर लावून फोन ताईंच्या हातात दिला.

"घ्या. बोला."

"कोण आहे?"

"बोला तर."

पलीकडून पाणी पडल्याचा आवाज येत होता. मग कुणीतरी नळ बंद केला. "हॅलो? नर्सरी. रोपं हवीत का?"

टोपीवाल्याचा आवाज म्हातारा झाला होता, पण किडकिडीतपणा तोच होता.

"सर," त्या म्हणाल्या, "मी... तुमच्या गेममध्ये ओरडायचे ती."

पलीकडे झारी खाली पडल्याचा आवाज आला.

"सर, मला माफ करा. मी त्या दिवशी आले नाही."

"कुठल्या दिवशी?"

"बुधवारी. शेवटच्या वाक्याला. पहाटेच कळा सुरू झाल्या, मुलगी झाली..."

"मुलगी झाली? बुधवारी?" टोपीवाल्याचा आवाज एकदम चढला. "म्हणजे तुम्ही आला नव्हतात?"

"नाही हो सर. तेच सांगतेय."

"अहो, देवाचे आभार! बाई, मालकाने मंगळवारी संध्याकाळीच कुलूप लावलं. कंपनी तर कधीची गाळात गेलेली, फक्त आम्हांला सांगितलं नव्हतं. आम्हांला बाहेर काढलं आणि गेम होता तसा डिस्कवर घालून विकून टाकला. मला तुमचा पत्ता ठाऊक नव्हता, कळवणार कसं? एकोणीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र. भर उन्हात, तसल्या अवस्थेत, तुम्ही तीन जिने चढून आलात आणि बंद दारापुढे उभ्या आहात. मला किती शिव्या दिल्या असतील!"

"मी नव्हतेच तिथे!"

"मीही नव्हतो!"

ताई हसायला लागल्या. आधी हळू, मग तो रुंद, चिरका आवाज असा सुटला की शेजारची खिडकी उघडली. पलीकडे टोपीवालाही हसत होता आणि मध्येच नाक ओढत होता. दोघं एकोणीस वर्षं मनातल्या मनात एकमेकांची माफी मागत होते, आणि बुधवारी त्या दारापाशी दोघांतलं कुणीच नव्हतं.

"सर, ते वाक्य काय होतं?" बऱ्याच वेळाने ताईंनी डोळे पुसत विचारलं. "इथे एक्केचाळीस जण वाट बघतायत."

"वाक्य?" टोपीवाला म्हणाला. "लिहिलंच नव्हतं. पाच वेळा लिहिलं आणि फाडलं. ठरवलं होतं, बुधवारी तुम्ही आलात की तुम्हांलाच विचारायचं."

---

मग सलूनमध्येच रेकॉर्डिंग करायचं ठरलं. बंद शटरच्या आत आरशांवर टॉवेल टांगले, म्हणजे आवाज घुमायचा नाही. खुर्च्या भिंतीला लावल्या. लिफ्टवाल्याने एका जुन्या शॅम्पूच्या बाटलीला चिकटपट्टीने माइक बांधला. नवऱ्याला अट एकच होती, गप्प बसायचं. त्याने तोंडात सुपारी धरली आणि कोपऱ्यात जाऊन बसला, पण त्याचे हात बोलत होतेच.

गटातल्या लोकांनी वाक्यं पाठवली होती. लिफ्टवाल्याने यादी पुढे केली. ताईंनी एकेक म्हणून पाहिलं.

"'समुद्रा, मी तुझी होते, तुझीच झाले.' बाई बाई! 'जे विरघळतं ते खरं नसतं.' हे कुणी लिहिलं? याला चहा द्या कुणीतरी. 'शत्रू बाहेर नव्हता, तो...' काय रे हे, चार सेकंदांत बसेल तरी का?"

लेक टॉवेलांच्या मागे तोंडावर हात दाबून हसत होती.

"भाऊ," ताईंनी यादी खाली ठेवली, "मी हा गेम कधी बघितलेलाच नाही. आमच्याकडे कंप्यूटर कुठला तेव्हा! मला सांगा, ही बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत जाते, त्याला किती वेळ लागतो?"

"नऊ तास. चांगला खेळला तर."

"नऊ तास चालते?"

"चालते, चढते, पोहते."

"मध्ये कुठे जेवते?"

"नाही."

"कुणी पाणी विचारतं?"

लिफ्टवाला विचारात पडला. "नाही विचारत. भेटतात ते बाणच मारतात."

"बरं. लावा ते यंत्र."

त्याने बटण दाबलं. सलूनमध्ये सगळं गप्प झालं. बाहेरून एक सायकल गेली. ताईंनी डोळे मिटले, एक मोठा श्वास सोडला, आणि पुकारण्याचा नव्हे, घरी पायातली चप्पल काढताना निघतो तो आवाज त्यांच्या तोंडून निघाला.

"हुश्श... बसते गं बाई जरा."

लिफ्टवाल्याने यंत्राकडे पाहिलं. बरोबर चार सेकंद. त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं, आणि डॉक्टरांनी रडायला मनाई केलीय म्हणून तो घाईघाईने टॉवेलात तोंड खुपसून बसला.

"पुन्हा घ्यायचं का?" ताईंनी विचारलं.

"काही गरज नाही," कोपऱ्यातून नवरा म्हणाला. सुपारी त्याने कधीच गिळली होती.

---

पण त्या वाक्याने एक नवीनच भानगड उभी राहिली. नावाडीण 'बसते' म्हणाली खरी, पण तिला बसता येत नव्हतं. संपूर्ण गेममध्ये बसण्याचं चित्र कुणी केलेलंच नव्हतं. धावायची, पडायची, लोंबकळायची, मरायची बावीस प्रकारांनी. बसायची एकाही प्रकाराने नाही. एक्केचाळीस जणांत खडाजंगी झाली. शेवटी त्यांच्यातल्या भूगोलाच्या एका निवृत्त बाईंनी ते काम अंगावर घेतलं. त्यांनी लेकीला कळवलं, 'तुझ्या आईला दमून बसताना बघ, आणि मला सांग.' म्हणून तीन आठवडे लेक वही घेऊन आईच्या मागे. आधी हात कुठे टेकते, उजवा गुडघा आधी वाकतो की डावा, पदर कधी सावरते, पूर्ण टेकायच्या आधी अर्ध्यात जरा थांबते का.

"थांबते," लेकीने लिहिलं. "खाली काही ठेवलेलं नाही ना, ते हाताने बघते."

दरम्यान सलूनमध्ये येणारा प्रत्येक माणूस मान खाली घालून नावाडिणीची कथा ऐकत होता, कारण वस्तरा गळ्यापाशी असताना दुसरं करणार काय! दवाखान्यातही बातमी पोचली. मोठे डॉक्टर स्वतः खिडकीपाशी येऊन म्हणाले, "नंबरताई, तुम्ही नटी आहात हे सांगितलं नाहीत!" ताई म्हणाल्या, "साहेब, एकावन्न नंबर थांबलाय, आत चला," आणि डॉक्टर आत गेले.

एका रविवारी दुपारी लेकीने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. गेला महिनाभर रोज थोडं थोडं खेळत ती शेवटापर्यंत आली होती. बाण लागला की ती प्रत्येक वेळी "ही माझी!" म्हणायची. ताई कधी भाजी चिरता चिरता बघत, कधी नुसतं ऐकत. आपलाच पंचविशीतला आवाज ऐकायला त्यांना सुरुवातीला लाज वाटली. मग हळूहळू ती नावाडीण त्यांना आवडायला लागली. बरी होती पोरगी. घाबरायची, पण जायची.

आता पडद्यावर किल्ला विरघळत होता. पांढऱ्या भिंती खाली घरंगळत पाण्यात गेल्या. पलीकडे समुद्र आला, आणि वाळूवर तिची नाव. नावाडीण चालत तिथपर्यंत गेली आणि वळली.

नवरा मागे येऊन उभा राहिला. हात ओले होते, ते त्याने तसेच धरले.

नावाडिणीने तोंड उघडलं. आवाज आला, पण तो इतका वेळ ओरडत आलेल्या त्या तरण्या पोरीचा नव्हता. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईचा होता. लेकीला वाटलं होतं की ते विजोड वाटेल. तसं मुळीच वाटलं नाही. एवढं चालल्यावर आवाज असाच व्हायचा.

"हुश्श... बसते गं बाई जरा."

तिने हात मागे नेला, वाळू चाचपली, अर्ध्यात क्षणभर थांबली, आणि नावेला पाठ टेकून खाली बसली. पाय लांब केले. लाट आली, गेली. पडद्यावर कुणाची नावं आली नाहीत, गुण आले नाहीत, काहीच आलं नाही.

लेकीची बोटं बटणांवर तशीच होती. "आता काय दाबू?"

"काही दाबू नकोस," ताई म्हणाल्या. त्यांनी शेजारची खुर्ची ओढून घेतली. "बसू दे तिला."

नवऱ्याने पंखा एक घर वाढवला. तिघंही बघत राहिले. नावाडिणीचे केस वाऱ्याने एकीकडे जात होते, आणि तिने ते एकदा कानामागे सारले.